चाकं आधी घेतली, आता गाडी कोणती?

माझा भाचा पुण्यात ऑटोमोबाईल शिकला आणि नोकरीसाठी इकडे स्टुटगार्टला आला. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. आवाजातूनच कळत होतं की स्वारी रात्रभर झोपलेली नाही.

"मामा, चाकं घेतली!"

"कुठल्या गाडीची?"

"गाडी अजून घ्यायचीय. चाकं इतकी देखणी होती, की सोडवेना."

मला यात काही वेडेपणा वाटला नाही. हौशी माणसं लग्नाच्या साडीवर दागिने घेतात तशी दागिन्यांवर साडीही घेतात. फक्त अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रुंद चाक हे कुठल्याही गाडीला चालेल असं सुटं सामान नसतं. ते कुणाच्या तरी मापाने घडवलेलं असतं आणि ती मापं त्याच्या अंगावर कोरलेली असतात. ती वाचता आली, की कुठली गाडी शोधायची हे अर्धंअधिक ठरून जातं. भाच्याला मी जे समजावलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

त्याची चाकं तीन तुकड्यांची आहेत. मधली जाळीदार तबकडी, बाहेरची चकाकती पाळ आणि आतलं पिंप, असे तीन भाग बोल्टांनी जोडलेले. या बांधणीचं इथलं सर्वांत नावाजलेलं उदाहरण म्हणजे बीबीएस कंपनीचं १९८३ साली आलेलं आरएस हे चाक. बाउमगार्टनर आणि ब्रांड या दोन संस्थापकांची आद्याक्षरं आणि शिल्टाख या गावाचं आद्याक्षर, असं बीबीएस हे नाव तयार झालं. शिल्टाख ब्लॅक फॉरेस्टमधलं छोटंसं गाव आहे. भाच्याचा सेट दुसऱ्या कारखान्याचा असला तरी बांधणी तीच. तीन तुकडे का महत्त्वाचे, ते पुढे येईलच.

चाक पालथं घालून आम्ही आतल्या बाजूचे आकडे वाचले. पुढच्या जोडीवर ८ जे × १५, म्हणजे ८ इंच रुंद आणि १५ इंच व्यासाचं चाक (जे ही चाकाच्या कडेच्या आकाराची खूण), आणि ईटी २०; ईटी म्हणजे काय ते पुढे सांगतो. मागच्या जोडीवर ९ जे × १५ आणि ईटी १५. दोन्हींवर ४×१००. मधल्या भोकाचा व्यास ५७.१ मिलिमीटर.

यातलं ४×१०० सर्वांत सोपं आणि सर्वांत कडक. चार बोल्ट आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर. चार बोल्टांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की हाच आकडा मिळतो. जुनी गोल्फ, बीएमडब्ल्यूची ई३०, माझदाची पहिली एमएक्स-५, होंडा सिव्हिक, ओपलच्या आणि रेनोच्या लहान गाड्या हे सगळे ४×१०० वाले. फियाटच्या जुन्या गाड्या ४×९८. फरक दोनच मिलिमीटरचा दिसतो, म्हणून काही जण बोल्ट दाबून आवळतात आणि चाक बसलं म्हणतात. ते बसलेलं नसतं. प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर वाकडा ताण सोसत असतो. हा प्रयोग कुणीही करू नये.

मधल्या भोकाची गोष्ट याच्या उलट आहे. हब म्हणजे गाडीचा तो फिरता मधला भाग, ज्यावर चाक बसतं. चाकाचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी बसवून चाक नेमकं मध्यावर आणता येतं. होंडाचा हब ५६.१ आणि माझदाचा ५४.१, म्हणजे कडी घालून काम भागतं. रेनोचा ६०.१. तिथे चाकच लेथवर कापावं लागेल, म्हणून रेनो यादीतून गेली. गोल्फ आणि ई३० या दोन्हींचा हब ५७.१. म्हणजे कडीसुद्धा नको.

आता खरा मुद्दा, ईटी. हे जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला आहे, ते ईटी सांगतो. ईटी मोठा असेल तर चाक गाडीच्या पोटात शिरतं, लहान असेल तर बाहेर येतं. नुसता ईटी पाहून काही कळत नाही, नुसती रुंदी पाहूनही कळत नाही. दोन्ही एकत्र घ्यावे लागतात आणि त्याचं गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे.

रुंदी इंचात असते, ती २५.४ ने गुणायची आणि निम्मी करायची. त्यातून ईटी वजा केला की हबपासून चाक बाहेर किती पोचतं ते कळतं. ईटी मिळवला की आत किती पोचतं ते कळतं. भाच्याचं मागचं चाक ९ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, निम्मं ११४.३. ईटी १५ वजा केला, बाहेर ९९. मिळवला, आत १२९. पुढचं ८ इंची चाक याच हिशोबाने बाहेर ८२ आणि आत १२२. चाकाच्या कडेची जाडी यात धरलेली नाही, पण ती सगळ्याच चाकांना असते, तेव्हा तुलनेत ती कटून जाते.

आकडा पुसला गेला असेल तर चाक पालथं ठेवा, कडांवर एक सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. त्या खोलीतून चाकाची कडेपासून कडेपर्यंतची निम्मी रुंदी वजा केली की ईटी हातात येतो. ९ जे चाक कडांसकट साधारण १० इंच भरतं, निम्मे १२७ मिलिमीटर. खोली १४२ आली तर ईटी १५. जुनं चाक विकत घेताना मी हे नेहमी करतो, कारण पॉलिश करताना कधी चुकीची पाळ जोडलेली असते.

हे आकडे घेऊन आम्ही तीन गाड्यांसमोर उभे राहिलो. त्या तिघी भाच्याने ठरवल्या होत्या, तिन्ही त्याच्या स्वप्नातल्या.

पहिली माझदा एमएक्स-५, १९८९ ते १९९७ मधली, पॉपअप दिवे असलेली. तिचं मूळ चाक ५.५ जे × १४, ईटी ४५. म्हणजे बाहेर २५. भाच्याचं पुढचं चाक त्यापेक्षा ५७ मिलिमीटर बाहेर येणार आणि मागचं ७४. चार बोटं जोडून धरा, साधारण तेवढं. आता मूळ चाक अरुंद म्हणून चाकावरच्या पत्र्याच्या कमानीतली जागाही तेवढीच असते असं नाही. एमएक्स-५ च्या कमानीत ८ इंची चाक कड वाकवून आणि कॅम्बर देऊन, म्हणजे चाक वरून आत झुकवून, मावतं. पण ९ इंची, ईटी १५? त्याला वरून रुंद फ्लेअर, म्हणजे कमानी रुंद करणाऱ्या जोडपट्ट्या, लावावे लागतात, त्यासाठी मागची कमान कापावी लागते आणि या गाडीची मागची कमान आणि सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी, ही गंजाची लाडकी जागा. भाच्याचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, कारण चारही चाकांना दोन-दोन विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी दांडे) असलेलं तिचं सस्पेन्शन रुंद टायरचं खरं चीज करतं.

दुसरी, गोल्फ मार्क २. मूळ चाक ५.५ जे, ईटी ३८, म्हणजे बाहेर ३२. भाच्याची पुढची चाकं ५० आणि मागची ६७ मिलिमीटर जास्त बाहेर. पण गोल्फच्या बाबतीत माझा आक्षेप पत्र्याचा नव्हता. तो जरा खोलातला आहे आणि बहुतेक लोक तो विसरतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

पुढचं चाक वळताना एका काल्पनिक रेषेभोवती फिरतं. ही रेषा वरच्या शॉकअपच्या माथ्यापासून खालच्या बॉल जॉइंटमधून, म्हणजे चाकामागच्या फिरत्या सांध्यातून, जाऊन जमिनीला टेकते. ती जिथे टेकते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. दार बिजागरीपासून लांब ढकललं तर सहज फिरतं आणि बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तेच, फक्त ढकलणारा आहे रस्ता. टायरचा मध्य रेषेपासून जितका बाहेर, तितका प्रत्येक खड्डा, प्रत्येक चिरी आणि प्रत्येक ब्रेक स्टिअरिंग तुमच्या हातातून ओढू पाहतो. फोक्सवागन आणि आउडीने १९७० च्या दशकात मुद्दाम उलटं केलं. रेषा टायरच्या मध्याच्या बाहेर टेकेल अशी ठेवली, म्हणजे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी चाकं आपोआप त्या ओढीविरुद्ध वळतात आणि गाडी सरळ राहते. गोल्फ त्याच विचारातून आली. तिच्यात ईटी ३८ च्या जागी २० चं चाक घातलं की टायरचा मध्य १८ मिलिमीटर बाहेर सरकतो आणि इंजिनिअरांनी काळजीने बांधलेली ती सुरक्षितता आपण पाना फिरवून काढून टाकतो. एमएक्स-५ ला हाच सरकाव २५ मिलिमीटर.

शिवाय गोल्फचं इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. रुंद चाकं मागे असलेला सेट तिच्यावर फक्त शोभेला. ज्या चाकांना पकड हवी त्यांना अरुंद टायर आणि जी फक्त मागून येतात त्यांना रुंद. मला हे पटत नाही. पुष्कळांना दिसायला आवडतं, त्यांची आवड त्यांच्यापाशी.

तिसरी, बीएमडब्ल्यू ई३०. १९८२ मध्ये आलेली तीन सिरीज, मागच्या चाकांना फिरवणारी. सगळा हिशोब इथे बदलतो, कारण या गाडीला कंपनीनेच वेगवेगळ्या मापांची चाकं दिली होती. साध्या गाडीला ६ जे × १४, ईटी ३५, म्हणजे बाहेर ४१. आणि जास्त पैसे मोजणाऱ्याला ७ जे × १५, ईटी २४, म्हणजे बाहेर ६५. एकाच बॉडीवर कंपनीने स्वतः चाक २४ मिलिमीटर बाहेर काढलं, आणि कमानीला काही केलं नाही. जागा होतीच.

मग भाच्याचं पुढचं चाक कंपनीच्या ७ इंची चाकापेक्षा फक्त १७ मिलिमीटर बाहेर आणि ९ आत. ईटी २४ चा २०, म्हणजे टायरचा मध्य चारच मिलिमीटर सरकला. स्टिअरिंगला फारसं कळणारही नाही. मागचं ३४ बाहेर, १६ आत. हे अजून जास्त आहे, पण चार बोटांवरून आपण दीड इंचाच्या आत आलो.

ई३० ची एम३ ही वेगवान आवृत्ती घ्यावी, तिच्या कमानी आधीच फुगवलेल्या आहेत, असं भाचा म्हणाला. खरंय, पण तिचे बोल्ट ५×१२० वर आहेत, आणि किंमत भाच्याच्या खिशाबाहेरची.

आता तीन तुकड्यांचा फायदा. मागच्या चाकाची बाहेरची पाळ अर्धा इंच लहान बसवली तर चाक बाहेरून १२.७ मिलिमीटर कमी होतं. आतलं पिंपही अर्धा इंच कमी केलं तर आतून तेवढंच. दोन्ही बाजूंनी सारखंच कापल्यामुळे मध्य हलत नाही, ईटी १५ तसाच राहतो, फक्त ९ जे चं ८ जे होतं. बाहेरचा फरक ३४ वरून २२ वर येतो, आतला १६ वरून ४ वर. फक्त बाहेरचीच पाळ बदलली असती तर रुंदी ८.५ झाली असती आणि ईटी सव्वासहाने वाढला असता. एकसंध ओतीव चाकात यातलं काहीही करता येत नाही.

"पण मामा, ९ इंचासाठीच तर घेतली होती..."

"बाळा, ९ इंचाला टायर कुठलं घालणार?"

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि तो पहिला असायला हवा. १५ इंची रुंद टायर आता फार कमी मिळतात. प्रत्येक टायरसाठी कुठल्या रुंदीचं चाक चालतं याचे ठरलेले आकडे असतात. २०५/५० आर १५, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंद, रुंदीच्या ५० टक्के उंच आणि १५ इंची चाकाचा टायर, त्याला ५.५ ते ७.५ इंच. २२५/५० आर १५ ला ६ ते ८. या दोन्हींत ९ इंच कुठेच नाही. टायर ताणून बसवतात, मला माहीत आहे, फोटोही छान येतात. पण ताणलेल्या टायरची बाजू रिमला नीट धरून ठेवत नाही, खड्ड्यात चाकाची कड उघडी पडते, आणि हवा जरा कमी झाली की वळणावर टायर सुटू शकतो. माणसं बसवून नेणाऱ्या गाडीवर मी ते करणार नाही आणि भाच्याला करू देणार नाही.

टायरचा व्यासही बघावा लागतो. २२५ ची ५० टक्के उंची ११२.५, दोन बाजूंनी २२५, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की व्यास ६०६. ई३० च्या कंपनीच्या ७ इंची चाकावरच्या २०५/५५ आर १५ चा व्यास ६०६.५. जवळजवळ तोच! एमएक्स-५ आणि गोल्फ जीटीआयच्या १८५/६० आर १४ चा व्यास ५७८ च्या आत. त्यांच्यावर हा टायर घातला तर प्रत्येक फेरीत गाडी जवळपास ५ टक्के जास्त पुढे जाते. काटा आधी नेमका असेल तर तो १०० दाखवतो तेव्हा प्रत्यक्षात १०५. युरोपच्या नियमात काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, म्हणजे तिथेही अडकलो असतो. बोल्ट, हब, ईटी, व्यास, सगळे आकडे एकाच गाडीकडे बोट दाखवायला लागले तेव्हा भाचा गप्प झाला आणि मोबाईलवर ई३० शोधायला लागला.

गाडी बघायला जाताना मी त्याला इंजिनापेक्षा पत्रा बघायला सांगितलं. बॅटरीच्या खालची जागा, जॅक लावण्याच्या जागा, सनरूफच्या कडा, स्टेपनीचा खड्डा आणि सगळ्यात आधी मागच्या कमानीची आतली कड. रुंद चाकासाठी ती कड आत वाकवायची असते. तिथे पोटीनवर रंग मारलेला असेल तर वाकवताना सगळं सोलून निघतं. चुंबक आणि पातळ कापड घेऊन जा. पत्र्यावर चुंबक धरतं, पोटीनवर धरत नाही.

मागच्या सस्पेन्शनचीही एक गंमत आहे. ई३० च्या मागच्या आर्म, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्या, तिरक्या बसवलेल्या आहेत. गाडी खाली बसवली की मागची चाकं आपोआप वरून आत झुकतात. या टायरला एक अंश झुकावाने वरची कड साधारण ५ मिलिमीटर आत जाते. २२ मधले काही मिलिमीटर असेच मिळतात. मात्र फार खाली बसवलीत तर टायर आतल्या बाजूने महिन्यात गुळगुळीत होतो.

चाकं बसवण्याआधी एक काम नक्की करा. स्प्रिंग काढा, चाक लावा, जॅकने हब अगदी वरपर्यंत उचला आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग मारा. शॉकअपवर आणि कमानीच्या कडेवर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवून ठेवा. ती किती दबली ते सुरीने कापून मोजा. पुढे शॉकअप आणि टायर यांच्यात फट फार कमी उरते आणि २२५ तिथे मावेल का हे प्रत्येक गाडीच्या स्प्रिंगवर ठरतं. स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामधली चकती, घालून फट वाढवायची असेल तर हबवर नेमका बसणारा घ्या आणि बोल्ट त्याच्या जाडीइतके जास्त लांब घ्या.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. तरुणपणी एका गॅरेजात मी २० मिलिमीटरचे स्पेसर घालून घेतले होते. रिकाम्या गाडीला काही झालं नाही. मग मागे तीन मित्र बसले, आम्ही महामार्गावर आलो आणि एका पुलाच्या सांध्यावर जळक्या रबराचा वास आला. टायरच्या बाजूवर कमानीच्या कडेने बोटभर लांब चीर पाडली होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी गाडी भरल्याशिवाय चाकाची जागा मोजत नाही.

जर्मनीत शेवटचा शब्द ट्यूव्हच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या, तपासनीसाचा. तो गाडीचं एक पुढचं आणि तिरकं समोरचं मागचं चाक ठोकळ्यांवर चढवून सस्पेन्शन पुरतं दाबतो आणि सगळं फिरतं का बघतो. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायर कमानीखाली झाकलेला हवा. चाकावर कोरलेली वजनाची मर्यादाही तो वाचतो. दोन चाकांची मिळून ती ॲक्सलच्या भारापेक्षा कमी असता कामा नये. चाकाचे कागद नसतील तर प्रत्येक गोष्ट वेगळी तपासून नोंदवावी लागते, म्हणून चाकं घेण्याआधीच त्याच्याशी बोलावं. ३० वर्षांवरच्या गाडीला जुन्या गाड्यांची खास नंबर प्लेट मिळते आणि त्या काळात होत असलेले बदल तिथे चालतात. तेव्हाच्या धाटणीची तीन तुकड्यांची चाकं ई३० वर त्या नियमातही शोभून दिसतात.

भाच्याच्या पुण्याच्या मित्रांनीही मग विचारायला सुरुवात केली. तिथे हाच सेट होंडा सिटीवर किंवा जुन्या स्विफ्टवर बोल्टांच्या हिशोबाने बसतो, दोन्ही ४×१००, मध्ये कडी घालून. पोलो आणि व्हेंटोला नाही, त्या ५×१००. पण सिटी आणि स्विफ्ट दोन्ही पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या, दोन्हींचा मूळ ईटी मोठा आणि गोल्फला जो आक्षेप तोच तिथे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि कंपनीने दिलेल्या रचनेपेक्षा वेगळे बदल नकोत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर हा पोलिसाच्या नजरेत भरणारा पहिला बदल. मी त्यांना ६ किंवा ६.५ इंची चाक आणि मूळच्या जवळचा ईटी सुचवला.

भाच्याला मात्र ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका गावात ई३० मधली निळी ३२०आय मिळाली, बॅटरीखालचा पत्रा शाबूत असलेली. पाळी आणि पिंपं बदलायला चाकं दिली आहेत. ती आली की पुन्हा माती, पुन्हा जॅक. बोल्ट ११० न्यूटन-मीटरला आवळायचे, पन्नास किलोमीटर फिरवायची आणि परत टॉर्क पान्याने तपासायचे. ते तपासायला मी स्वतः जाणार आहे.